'फॉलोअपला आली नाही' असा शेरा मारण्याआधी

प्रति,
जिथे डॉक्टर, यंत्रं आणि पैसा तिन्हींची चणचण आहे अशा देशांच्या आरोग्य खात्यांत कर्करोगाचे आराखडे आखणाऱ्या सर्वांस,

विषय : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतून मध्येच गळणाऱ्या बायकांबाबत

सविनय नमस्कार.

मी नर्स आहे. केमोच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, आता माझं मुख्य काम फोन करण्याचं. सकाळी ज्यांची सायकल, म्हणजे केमोची ठरलेली फेरी होती आणि ज्या आल्या नाहीत, त्यांची यादी दुपारी माझ्या टेबलावर येते. मी ती संध्याकाळी सातनंतर हातात घेते. यादीतले बहुतेक नंबर त्या बायकांचे नसतातच. नवऱ्याचे असतात, मुलाचे, कधी शेजाऱ्याचे. दिवसभर ते फोन मालकाबरोबर कामावर असतात आणि सातला घरी येतात. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. सुरुवातीचे सहा महिने भर दुपारी फोन लावून 'उचलला नाही' असं लिहीत बसले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या रजिस्टरमध्ये या बायकांसाठी एक ठरलेला शेरा आहे : 'फॉलोअपला आली नाही'. वर जाणाऱ्या अहवालात त्याचं 'लॉस्ट टू फॉलोअप' होतं, म्हणजे बाई हरवलीच. दोन्हीकडे वाक्याचा कर्ता तीच. ती आली नाही, ती हरवली. मी फोन केले तेव्हा बहुतेक जणी घरीच होत्या.

तुमच्या आराखड्यांचे मसुदे कधीमधी 'सूचना असल्यास कळवाव्यात' म्हणून आमच्यापर्यंत येतात. मी ते शेवटच्या पानापर्यंत वाचते. आधी जनजागृती येते, मग मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची यंत्रं, मग नवी इमारत, आणि ऑक्टोबर महिन्यात कुठल्या इमारतीवर गुलाबी दिवे लावायचे तेही. उपचार सुरू झालेल्या किती जणींचे पूर्ण झाले, हा रकाना मला अजून एकाही मसुद्यात सापडलेला नाही. सूचना कळवल्या होत्या. पोच मिळाली. म्हणून आता हे पत्र उघड्यावर.

आकडे तुम्हाला पाठ असतील, तरी एक जोडी पुन्हा समोर ठेवते. 2022 साली जगभरात सुमारे 23 लाख बायकांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे 6 लाख 70 हजार त्यानं दगावल्या. उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान यांवरून काढलेल्या मानव विकास निर्देशांकात अगदी वर असलेल्या देशांत 12 पैकी एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार गाठतो आणि 71 पैकी एक त्यानं जाते. निर्देशांकाच्या तळाशी असलेल्या देशांत तो 27 पैकी एकीलाच गाठतो, पण 48 पैकी एक जाते. आजार निम्म्याहून कमी आणि मरण जवळजवळ दीडपट. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांत 90 टक्क्यांच्या वर आहे, भारतात 66 आणि दक्षिण आफ्रिकेत 40, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे अंतर ऐकलं की मंडळींना वाटतं, तिकडे काहीतरी नवं, महागडं औषध निघालं असेल. नवी औषधं निघाली, खरंच. पण श्रीमंत देशांतला मृत्युदर 1980च्या दशकापासून 2020पर्यंत 40 टक्क्यांनी घटला, त्यातलं बरंचसं काम जुन्याच सामानानं केलंय. वेळेवर ऑपरेशन, रेडिएशन, केमोतली सायक्लोफॉस्फमाइड आणि डॉक्सोरुबिसिन, टॅमॉक्सिफेनची गोळी. ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि तुमच्याही याद्यांत असतील. कपाटात नसतील, ते वेगळं.

एका बाईची गोष्ट सांगते. उशिरा पोचलेल्या बाईला 'इतके दिवस काय करत होतीस?' असं दरडावणारे डॉक्टर मी पाहिलेत. एके काळी मीही दरडावायची. तसं तिलाही विचारलं, तर तिनं काही न बोलता पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. चार चिठ्ठ्या, चार ठिकाणच्या. पहिलीवर अँटिबायोटिक. दुसरीवर 'दुधाची गाठ' आणि मलम. तिचं धाकटं मूल तेव्हा अकरा वर्षांचं होतं. तिसरीवर परत अँटिबायोटिक. चौथीवर 'मोठ्या दवाखान्यात दाखवा', कुठल्या मोठ्या दवाखान्यात ते नाही. पहिली चिठ्ठी आणि आमची पहिली नोंद यांत नऊ महिने गेले होते. नऊ महिने ती दवाखान्यांच्याच पायऱ्या चढत होती. त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं.

गाठ दुखत नाही, हीच या आजाराची लबाडी. दुखलं असतं तर घरच्यांनीही लवकर उचलून आणलं असतं. तुमची पोस्टर्स सांगतात, 'गाठ लागली तर लगेच दाखवा.' तिनं दाखवली. ज्याला दाखवली त्याला काय करायचं हे कोण शिकवणार? जनजागृतीच्या निधीतला अर्धा जरी पहिल्या पायरीवरच्या नर्स, आरोग्यसेविका आणि साध्या डॉक्टरांना हातानं तपासणी शिकवण्यावर खर्च झाला, आणि संशयित गाठ दिसली की थेट कुठे पाठवायचं त्या जागेचं नाव, वार आणि फोन नंबर छापलेलं एक कार्ड त्यांच्या हाती दिलं, तर माझी यादी आखूड होईल. उरलेल्या अर्ध्यात पोस्टर्स छापा की.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत 1998पासून 20 वर्षं एक अभ्यास चालवला, दीड लाखाहून अधिक बायकांचा. एका गटातल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, अशा चार फेऱ्या. 2021मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट 15 टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पक्की उतरली नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर मीच तुमच्यासारखी सोयीचा आकडा उचलणारी ठरेन. मॅमोग्राफी वाईट नाही. पण साधनं अपुरी आणि व्यवस्था कच्ची असेल तिथे आधी लक्षणं असलेल्या बाईचं लवकर निदान आणि उपचार नीट करा, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगत आलीय. ज्या बाईला गाठ हाताला लागतेय तिलाच नऊ महिने लागत असतील, तर न लागणारी गाठ शोधून तिला कुठल्या रांगेत उभं करणार?

यापुढच्या टप्प्यावर मला जरा रेंगाळायचंय, कारण त्याबद्दल कुणी भाषण करत नाही. फॉर्मॅलिन, म्हणजे काढलेली गाठ तपासणीपर्यंत खराब होऊ नये म्हणून ती ज्यात ठेवतात ते द्रावण.

एकदा एक तरुण मुलगा प्लास्टिकच्या बरणीत आईची गाठ घेऊन आला. लहान दवाखान्यात 'साधी गाठ' म्हणून काढली होती. काढणाऱ्याला नंतर शंका आली, म्हणून 'हे तपासून आणा' असं सांगून गाठ मुलाच्या हातात दिली. बरणीत सलाईनचं पाणी होतं. प्रवासाला दोन दिवस लागले होते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी झाकण उघडलं आणि परत लावलं. कर्करोग आहे एवढं त्या सांगू शकल्या. कुठल्या जातीचा, ते सांगण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

गाठीचा तुकडा शरीरातून निघाल्यापासून तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, नुसता भिजेल इतक्यात नव्हे. त्यात तो निदान 6 तास राहायला हवा आणि 72 तासांहून जास्त नको. हे पाळलं नाही तर इस्ट्रोजेन रिसेप्टरची तपासणी, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसते का हे सांगणारी तपासणी, खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि रिपोर्टवर निगेटिव्ह आलं की त्या बाईला ते संप्रेरक अडवणारं टॅमॉक्सिफेन मिळत नाही. हे 1970च्या दशकापासून वापरात असलेलं औषध आहे, त्याचं पेटंट कधीच संपलं. रोज एक गोळी, 20 मिलिग्रॅमची, पाच वर्षं. ज्यांचे रिसेप्टर पॉझिटिव्ह आहेत अशा बायकांचा 15 वर्षांचा हिशेब पाहिला तर ही गोळी या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी करते. सगळ्या कर्करोगांच्या औषधांत इतकी स्वस्त आणि इतकी गुणी गोळी दुसरी क्वचितच असेल. ती हातची जाते, कारण तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मॅलिनची बाटली नव्हती, किंवा होती पण कुलपात होती आणि किल्लीवाला रजेवर होता.

म्हणून संशयित गाठ सरळ कापून काढू नये, आधी जाड सुईची बायोप्सी करावी, हा नियम प्रत्येक लहान दवाखान्याच्या भिंतीवर लागला पाहिजे. जागा बधिर करून काही मिनिटांत होते. नमुन्याच्या बाटलीवर दोन वेळा लिहायच्या, कधी काढला आणि कधी फॉर्मॅलिनमध्ये घातला. याला इमारत लागत नाही, फीत कापायला कुणी येणारही नाही. आणि नमुना लॅबपर्यंत पोचवण्याचं काम नातेवाइकांच्या पिशवीवर सोडू नका. टपाल वेळेवर पोचवता येतं, मग हेही पोचवता येईल.

आता केमो, म्हणजे माझी यादी.

गाठ मोठी असेल तर आधी केमो देतात, ती लहान करतात आणि मग ऑपरेशन. दोन-तीन सायकलींत कित्येकदा गाठ हाताला लागेनाशी होते. वॉर्डात आम्हाला आनंद होतो. तिलाही होतो, आणि ती पुढच्या वेळी येत नाही. संध्याकाळी फोन केला की उत्तर ठरलेलं : "सिस्टर, आता काहीच नाही हो तिथे. घरचे पण म्हणतात, बरी झालीस, आता कापून कशाला घ्यायचं?" तिच्या बाजूनं बघितलं तर यात चूक काय? आजार म्हणजे गाठ, असं आपणच तिला सांगितलं होतं. गाठ गेली. मग मी हराळीचं उदाहरण देते. "ताई, वरून खुरपली म्हणून हराळी जाते का? मुळं खालीच आहेत, पावसाची वाट बघतायत." कधी पटतं. कधी पलीकडून फोन दुसऱ्या कुणाच्या हातात जातो आणि आवाज बदलतो, "ती नाही येणार." काही महिन्यांनी ती येते, गाठ फुटलेली असते, आणि तेव्हा ऑपरेशनची वेळ गेलेली असते.

यावर औषध अगदी साधं निघालं. पहिली सलाईन लावण्याच्या आधीच, नवरा किंवा मुलगा शेजारी बसवून सांगायचं : "गाठ नाहीशी होईल. झाली तरी यायचं. नाहीशी झाली म्हणजे औषध लागू पडतंय, आणि तेव्हाच ऑपरेशन करायचं असतं." तीन वाक्यं. नाहीशी झाल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते, आधी सांगितलं तर भाकीत खरं ठरतं. आमच्याकडे हे सुरू झाल्यापासून असे फोन मला फार कमी करावे लागतात.

बाकीच्या फोनांना असं औषध नाही, निदान माझ्याकडे नाही. एक बाई तिसऱ्या सायकलीला वेळेवर आली होती. औषध संपलं होतं. 'पुढच्या आठवड्यात या' असं तिला सांगितलं. पुढच्या आठवड्याचं गाडीभाडं तिच्याकडे नव्हतं. रजिस्टरमधला शेरा मी नंतर वाचला : फॉलोअपला आली नाही. त्या रजिस्टरमध्ये 'औषध फॉलोअपला आलं नाही' असं लिहायला जागा नाही. मी समासात लिहिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी समासात लिहू नये अशी तंबी दिली.

या उशिराची किंमत मोजलेली आहे. 2020 साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, सात प्रकारच्या कर्करोगांचा, त्यात स्तनाचाही होता. ऑपरेशन दर चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं.

रेडिएशनबद्दल थोडक्यात. स्तन वाचवून फक्त गाठ काढायची तर नंतर रेडिएशन लागतंच. यंत्र दूर असेल, रांग मोठी असेल, तर बाई सरळ पूर्ण स्तन काढायला तयार होते आणि आपण फॉर्मवर लिहितो 'रुग्णाची निवड'. पूर्वी हे रेडिएशन पाच आठवड्यांत 25 वेळा द्यायचे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिलं की तीन आठवड्यांत 15 वेळा दिलं तरी तितकंच काम होतं. आणि 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका आठवड्यात 5 वेळा दिलेलंही पाच वर्षांच्या निकालात तितकंच चांगलं ठरलं. गाव सोडून, मजुरी बुडवून, कुणाच्या तरी ओसरीवर झोपून ते घेणाऱ्या बाईसाठी 25 आणि 5 यांत काय फरक आहे, हे मी सांगायला नको. यंत्रही त्याच दिवसांत जास्त जणींना पुरतं. तरीही काही केंद्रांत योग्य बायकांनासुद्धा 25च दिले जातात, कारण कागदावर दर वेळेचे पैसे मिळतात किंवा जुनी सवय सुटत नाही. निधीचा नियम तुमच्या हातात आहे. तो 'दर वेळे'ऐवजी 'पूर्ण कोर्सला' करा.

कुणी म्हणेल, हे सगळं गरिबीमुळे आहे आणि गरिबी काही आरोग्य खात्याच्या हातात नाही. त्यांना हार्लेमची आठवण करून देते. न्यूयॉर्कमधली ही वस्ती. देश श्रीमंत, माणसं गरीब. तिथल्या रुग्णालयात 1964 ते 1986 या काळातल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगणाऱ्या 39 टक्केच होत्या. तिथले सर्जन डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी दोन गोष्टी केल्या. तपासणी फुकट किंवा नाममात्र पैशांत, आणि 1990पासून प्रत्येक संशयित बाईमागे एक माणूस. पेशंट नॅव्हिगेटर असं नाव दिलं, पण काम वाट दाखवण्याचं : तारीख घेऊन देणं, कागद भरणं, घरी समजावणं, आली नाही तर शोधत जाणं. 1995 ते 2000 या काळातल्या रुग्णांत तो आकडा 70 टक्क्यांवर गेला. वस्ती काही या दरम्यान श्रीमंत झाली नव्हती. ग्रामीण रवांडातल्या बुटारोत 2012 साली कर्करोग केंद्र उघडलं, तेव्हा तिथे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर हाताशी नव्हते. लिहून ठेवलेल्या पद्धतीप्रमाणे साधे डॉक्टर आणि नर्स केमो देत, आणि तज्ज्ञ दुरून सल्ला देत. तज्ज्ञ येईपर्यंत थांबू, असं त्यांनी म्हटलं नाही.

माझ्या पदाची कथाही सांगून टाकते. ते मंजूर पदच नाही. एका देणगीतून फोन आणि माझा अर्धा पगार सुरू झाला. मध्ये देणगी आटली तेव्हा दीड वर्ष मी परत वॉर्डात होते आणि तो फोन कपाटात. त्या काळातल्या अहवालात गळती वाढलेली दिसत नाही. दिसेल कशी? मोजणारं माणूसच नव्हतं.

हीच गोष्ट मोठ्या आकड्यांतही होते, आणि ती तुमच्या संख्याशास्त्रज्ञांना जरूर विचारा. जगण्याचं प्रमाण काढताना ज्या बायकांचा पत्ता लागत नाही त्या शेवटच्या भेटीच्या तारखेला हिशेबातून बाहेर काढल्या जातात, जणू त्यापुढे त्यांचं बाकीच्यांसारखंच होणार आहे. पण यायच्या थांबलेल्यांत खूप आजारी आणि गेलेल्या जास्त असतात. म्हणजे जितक्या जास्त जणी हरवाव्यात, तितका दवाखान्याचा निकाल चांगला दिसतो! आफ्रिकेत नामिबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झांबिया या पाच देशांत 2014पासून दोन हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, त्यात ही पळवाट बुजवली होती. दर तीन महिन्यांनी फोन करत. (वाचून मला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.) तीन वर्षांनी निम्म्याच बायका हयात होत्या. नायजेरियात 36 टक्के. नामिबियात गोऱ्या बायकांतल्या 90 टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांतल्या 56 टक्के, एकाच देशात. हे आकडे वाईट दिसतात, कारण ते खरे आहेत. तुमच्या अहवालातले सुरेख आकडे मला जास्त धास्तावतात.

त्याच अभ्यासातून पुढे आणखी एक मोजमाप झालं. पन्नाशीच्या आतल्या 100 बायका गेल्या की सुमारे 210 मुलं आईविना पोरकी होतात. बायका फोनवर 'मुलांचं कसं होईल' असं म्हणतात, तेव्हा त्या भावनेच्या भरात बोलत नसतात.

ट्रास्टुझुमॅब या औषधाबद्दल मला विचारलं जातं. एचइआर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यांच्या गाठीत एचइआर-टू हे प्रथिन जास्त असतं, अशा बायकांसाठी ते मोलाचं आहे, साधारण 15 ते 20 टक्के बायकांसाठी. अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली, अत्यावश्यक औषधांच्या यादीत यायला 2015 उजाडलं, आणि त्याच्या स्वस्त पर्यायाला जागतिक आरोग्य संघटनेची पहिली पूर्वमान्यता मिळाली 2019च्या डिसेंबरात. ते जरूर आणा, एकत्र खरेदी करून आणा. मात्र दोन डोस देऊन तिसऱ्याला 'साठा संपला' म्हणायचं असेल तर सुरूच करू नका. अर्धवट आशा दाखवलेल्या बाईला फोन मला करावा लागतो.

आणि ज्यांचा आजार हाडांत, फुप्फुसांत पोचलाय, ज्या बऱ्या होणार नाहीत, त्या तुमच्या एकाही तक्त्यात बसत नाहीत. त्यांनाही मी फोन करते. त्या बहुतेक वेळा एकच विचारतात, दुखणं थांबेल का. तोंडानं घ्यायचं मॉर्फीन स्वस्त आहे. त्याच्या परवान्यांचा गुंता तेवढा सोडवा. याला कर्करोगाचा आराखडासुद्धा लागत नाही, एक सही लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मोहीम जाहीर केली, तिचे तीन आकडे तुमच्या भाषणांत मी ऐकलेत : 60 टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर सापडावेत, पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि 80 टक्के जणींचे उपचार पूर्ण व्हावेत. भाषणात पहिल्या साठावर टाळ्या पडतात. दुसऱ्यावर कुणीतरी संगणकप्रणाली विकायला येतं. तिसऱ्यापर्यंत सभा संपत आलेली असते.

माझी मागणी त्या तिसऱ्या आकड्याची आहे. प्रत्येक केंद्रानं दरवर्षी जाहीर करावं, किती जणींचे उपचार सुरू झाले आणि ठरलेली शेवटची सायकल, शेवटचं रेडिएशन, ऑपरेशन हे सगळं किती जणींचं झालं. ज्यांचा पत्ता नाही त्या 'पूर्ण न झालेल्यां'त धरा, बाहेर काढू नका. आकडा लाजिरवाणा आला तर येऊ द्या, पहिल्या वर्षी येणारच. त्यावरून कुणाची बदली करू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो आपोआप सुधारेल, आणि कसा सुधारेल हे तुम्हीही जाणता. रजिस्टरमध्ये 'न येण्याचं कारण' असा रकाना छापा आणि त्यात दवाखान्याची कारणंही लिहू द्या : औषध नव्हतं, यंत्र बंद, रिपोर्ट आला नाही, सर्जन रजेवर. टॅमॉक्सिफेन बाईच्या घराजवळच्या केंद्रात तीन-तीन महिन्यांचं एकदम द्या. पाच वर्षं दर महिन्याला शहरात येऊन गोळी नेणारी बाई मी तरी पाहिली नाही. येण्याजाण्याचं भाडं उपचाराच्या खर्चात धरा, ती मेहरबानी नाही. आणि दर केंद्रात फोन करणाऱ्या एका माणसाचं पद मंजूर करा. नर्सच पाहिजे असं नाही. स्वतः या आजारातून गेलेली बाई असेल तर माझ्याहून चांगलं करेल. ती बोलते तेव्हा पलीकडून फोन दुसऱ्याच्या हातात जात नाही, हे मी ऐकलंय.

पत्र लांबलं. आजच्या यादीत अकरा नावं आहेत. एक नंबर तीन दिवस बंद आहे, आज त्यांच्या शेजाऱ्यांचा मिळवलाय. सात वाजून गेलेत, फोन घरी आले असतील.

आपली,
केमो विभागातली फोन करणारी सिस्टर